नाव, गाव आणि तिथी : सागरावर हरवलेल्या एका खलाशाचे स्मरण



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी मराठीची बाराखडी घोटली. आज सिटी सेंटरच्या या देखण्या सभागृहात उभा राहताना मला तो काळ आठवतो, जेव्हा हा सारा परिसर मोकळ्या माळाचा होता आणि गुरुजींचा वर्ग लष्करातील एका जुन्या वाड्याच्या ओसरीवर भरत असे. तेथून येथवरचा प्रवास शाळेने केला, पण गुरुजींची एक रीत आम्हां जुन्या विद्यार्थ्यांच्या मनातून गेलेली नाही. ते हजेरी घेताना प्रत्येक मुलाचे पूर्ण नाव उच्चारीत. मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. मूल गैरहजर असले तरी नाव पूर्ण उच्चारूनच ते पुढे जात. "जो समोर नाही त्याचे नाव तर अधिकच नीट घ्यावे," असे ते म्हणत. आजच्या माझ्या विषयाचे बीज या एका वाक्यात आहे.

मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने संतवाङ्मयावर बोलावे, फार तर आधुनिक कवितेवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र आज एका खलाशाविषयी बोलणार आहे. तो दुसऱ्या महायुद्धात समुद्रावर मेला. त्याचे नाव कोणत्याही इतिहासग्रंथात नाही, आणि तेच माझ्या बोलण्याचे कारण आहे.

ग्वाल्हेरचा आणि समुद्राचा संबंध काय, असा प्रश्न येथे सहजच उठेल. आपल्या गावाला किल्ला आहे, संगीत आहे. पण समुद्र येथून शेकडो कोस दूर. तरीही हा संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे. कान्होजी आंग्र्यांचे आडनाव लावणारे सरदार घराणे याच ग्वाल्हेरच्या दरबारात नांदले. दुसरा संबंध त्याहून नजीकचा आहे. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी, १९१४ साली, माधवराव महाराज शिंदे यांच्या पुढाकाराने 'एम्प्रेस ऑफ इंडिया' नावाची एक मोठी आगबोट विकत घेण्यात आली. तिचे 'लॉयल्टी' असे नवे नामकरण झाले आणि जखमी हिंदी सैनिकांसाठी तरंगते रुग्णालय म्हणून ती युद्धभर राबली. युद्ध संपल्यावर सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच बोट घेतली, आणि त्यांच्या नव्या कंपनीला नाव मिळाले 'सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन'. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनकडे निघाली. परकीय कंपन्यांच्या मक्तेदारीला दिलेले ते आव्हान होते. त्या दिवसाच्या स्मरणार्थ १९६४ पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. सागरी दिनाच्या मुळाशी ग्वाल्हेरची एक बोट आहे, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे असे मला वाटते.

आता मी आपणांस माझ्या आजोळी नेतो. माझी आई कोकणातली, दापोली तालुक्यातील हर्णैची. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर मासळीचा बाजार, आणि वर नारळीपोफळीत लपलेल्या वाड्या. माझ्या लहानपणी आम्ही उन्हाळ्याच्या सुटीत पंजाब मेलने मुंबईला उतरत असू आणि भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने हर्णैला जात असू. बोट बंदराबाहेर खोल पाण्यात नांगर टाकी आणि उतारूंना पडावातून किनाऱ्यावर आणीत. मैदानी मुलखातल्या मुलाला ती एक धाडसी मोहीमच वाटे.

आजोळच्या शेजारघरात एक बाई राहत. आम्ही मुले त्यांना काकी म्हणत असू. वय पन्नाशीच्या आतले. कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात काळी पोत. घरात पुरुष माणूस मात्र कधी दिसला नाही. आईला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "काका बोटीवर गेलेत." किती दिवस झाले, असे विचारल्यावर आईने उत्तर दिले नाही. पुढे कळले की ते १९४१ च्या नारळी पौर्णिमेनंतर मुंबईला गेले होते. मी हा प्रश्न विचारला तो १९६० सालचा उन्हाळा होता.

त्याच सुटीत एके दुपारी काकींनी मला हाक मारली. मी ग्वाल्हेरचा, दहा वर्षांचा, अक्षर बरे. त्या म्हणाल्या, "बाळा, तू शिंद्यांच्या गावचा ना? मोठ्या बोटी शिंद्यांच्या कंपनीच्या असतात म्हणे. तुझ्या गावात कुणाला तरी ठाऊक असेल. एक पत्र लिहून दे." कंपनीच्या नावात शिंदे होते आणि माझ्या गावात शिंद्यांचा राजवाडा होता. त्या माउलीने या दोहोंची सांगड घालून एक आशा उभी केली होती. काका कोणत्या कंपनीच्या बोटीवर होते हे तिला सांगता येत नव्हते. बोटीचे नाव तिने एकदाच ऐकले होते आणि ते इंग्रजी असल्याने जिभेवर राहिले नव्हते.

मी पाटीवर कागद ठेवून लिहायला बसलो आणि विचारले, "काकांचे नाव काय?" काकी गप्प झाल्या. पतीचे नाव उच्चारायचे नाही ही रीत त्यांनी बारा-तेरा वर्षांच्या वयापासून पाळली होती. शेवटी पडवीत बसलेल्या म्हातारीने घरात ज्या नावाने हाक मारीत ते नाव सांगितले. मी तेच लिहिले, पुढे 'हर्णैकर' असे जोडले आणि खाली काकींचा अंगठा घेतला. मामांनी ते पत्र मुंबईच्या एका कचेरीकडे पाठवले. चार महिन्यांनी ग्वाल्हेरला मामांचे पत्र आले. त्यात कचेरीच्या उत्तराचा मजकूर होता : या नावाचा कोणीही इसम दप्तरी आढळत नाही.

त्या उत्तराने काकींना काय वाटले हे मला कळायला पुढे फार वर्षे जावी लागली. ज्या माणसाची त्यांनी एकोणीस वर्षे वाट पाहिली, तो माणूस कधी नव्हताच असे त्यांना कागदावर कळवण्यात आले होते. आणि तो कागद यायला माझे पत्र कारण झाले होते.

हा खलाशी कोण होता हे समजून घ्यायचे तर त्याचा व्यवसाय समजून घ्यावा लागतो. रत्नागिरी जिल्ह्यातील हिंदू-मुसलमान दर्यावर्दी, गोव्याचे ख्रिस्ती, गुजरातचे खारवे, सिल्हेट-नोआखालीचे बंगाली मुसलमान अशा माणसांच्या बळावर ब्रिटिश व्यापारी जहाजे चालत. १९३९ साली त्या जहाजांवर चाळीस ते पन्नास हजार हिंदी खलाशी होते. डेकवर सारंग, त्याच्या हाताखाली टंडेल, सुकाणूवर सुकाणी, कोठारावर कसाब, स्वयंपाकाला भंडारी. खाली इंजिनाच्या पोटात आगवाला आणि कोयलावाला. माझ्यासारख्या भाषेच्या अभ्यासकाला ही शब्दांची वखारच आहे. सारंग फारसीतून आला, सुकाणूचे मूळ अरबीत आहे, कप्तान पोर्तुगीजांनी दिला आणि डोलकाठी आपली. हिंदी महासागराच्या सगळ्या किनाऱ्यांनी मिळून ही बोली घडवली. ती बोलणाऱ्या माणसाला मात्र गोऱ्या खलाशाच्या वेतनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकेही वेतन मिळत नसे. १९३९ च्या शरदात, युद्ध सुरू होताच, या खलाशांनी ब्रिटनच्या बंदरांत वेतनवाढीसाठी संप केले. शेकडो जण तुरुंगात गेले, पण वेतन थोडे वाढले. ही माणसे मुकाट मरणारी नव्हती, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

'राखीव' हा शब्द येथे विचारात घ्यावा लागतो. युद्ध सुरू झाले तेव्हा हिंदी आरमारात दोन हजारही माणसे नव्हती. युद्ध संपताना ती पंचवीस हजारांवर गेली होती. ही वाढ झाली ती नव्या भरतीतून आणि राखीव दलांतून. व्यापारी जहाजांवरच्या अधिकाऱ्यांतून एक राखीव दल उभे राहिले आणि हौशी नागरिकांतून दुसरे. व्यापारी बोटी ताब्यात घेऊन त्यांवर तोफा चढवल्या गेल्या. या दलांतील माणसांना गणवेश होता आणि हुद्दा होता. परंतु आगवाला आणि कोयलावाला यांच्या अंगावर गणवेश नव्हता. त्यांनी कोणतीही शपथ घेतली नव्हती. तरी पाणतीर फुटे तो बहुधा जहाजाच्या पोटात, आणि सर्वांत खाली असत तेच. कागदावर ते राखीव नव्हते. अर्थाने मात्र साम्राज्याचे खरे राखीव दल तेच होते. गरज पडेल तेव्हा वापरावे आणि गरज संपल्यावर मोजू नये, असे.

१९४१ च्या डिसेंबरात जपान युद्धात उतरला आणि बंगालचा उपसागर शिकारीचे रान झाला. एकट्या जानेवारी १९४२ मध्ये सिंदिया कंपनीच्या 'जलराजन', 'जलतरंग' आणि 'जलपालक' या बोटी जपानी पाणबुड्यांनी बुडवल्या. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला 'बेंगॉल' या हिंदी आरमाराच्या चिमुकल्या नौकेने, एका डच तेलवाहू जहाजाला वाचवताना, तिच्याहून कितीतरी पटीने मोठ्या दोन जपानी जहाजांशी झुंज घेतली. त्यांतील एक बुडाले आणि 'बेंगॉल' सुखरूप परतली. त्या पराक्रमाची कथा वर्तमानपत्रांत आली, पुस्तकांत गेली. १६ मार्च १९४४ रोजी 'एल मदिना' बुडाली तेव्हा साडेतीनशेहून अधिक माणसे गेली. ती कथा किती जणांनी ऐकली आहे?

काकींच्या घरी आलेला निरोप इतकाच होता : बोट गेली, माणसांचे कळत नाही. मुंबईत गावकऱ्यांची जी खोली असे, तेथून कोणी जाणाऱ्याबरोबर तो निरोप आला होता. घरखर्चासाठी महिन्याला येणारी रक्कम थांबली. पण काही खलाशी जपान्यांच्या कैदेत सापडले होते आणि १९४५ नंतर हाडांचे सापळे होऊन का होईना, परतले होते. म्हणून काकींचे कुंकू राहिले. बारा वर्षे लोटल्यावर वाडीतील वडीलधाऱ्यांनी पालाशविधीची गोष्ट काढली. ज्याचा देह सापडत नाही त्याची पळसाच्या पानांची प्रतिकृती करून तिला अग्नी द्यावा, असा आपल्याकडचा शास्त्राचार आहे. काकींनी विचारले, "आणि श्राद्ध कोणत्या तिथीला घालू?" शस्त्राने मेलेल्यांसाठी भाद्रपद वद्य चतुर्दशी आहे, तिथी माहीत नसलेल्यांसाठी सर्वपित्री अमावास्या आहे. परंपरेने सर्वांची सोय केलेली आहे. पण तो मेला हे आधी कोणीतरी सांगायला हवे होते. ते कोणीच सांगितले नाही.

पुढे मी एम. ए. झालो, पीएच. डी. केली, जुन्या हस्तलिखितांच्या पाठांची चिकित्सा हा माझा अभ्यासविषय झाला. एकाच ओवीचे सात पाठ समोर ठेवून मूळ शब्द कोणता हे ठरवण्यात मी उमेदीची वर्षे घालवली. निवृत्तीनंतर एकदा मुंबईस गेलो असता मशीद बंदर भागातील 'इंडियन सेलर्स होम' ही वास्तू पाहिली. पहिल्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या आणि समुद्रावाचून दुसरी कबर नसलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी नाविकांचे स्मारक तेथे आहे. दुसऱ्या महायुद्धातील मृतांची संख्या सहा हजारांहून अधिक. त्यांची नावे एका ग्रंथात लिहिली आहेत. त्याची एक प्रत मुंबईत आणि एक बांगलादेशातील चितगावला आहे. देशाची फाळणी झाली, पण ही नावे दोन्हीकडे एकत्र राहिली. लंडनच्या टॉवर हिलवर ब्रिटिश व्यापारी नाविकांचे भव्य स्मारक आहे. आपल्या माणसांसाठी ही वही.

काकींच्या यजमानांचे नाव शोधण्यासाठी मी त्या यादीवरून बोट फिरवू लागलो आणि थोड्याच वेळात थांबलो. माझ्या ध्यानात आले की मला शोधायचे नाव मला ठाऊकच नाही. कोकणातल्या या माणसाला तीन नावे असत. एक घरातले, ज्याने आई हाक मारी. दुसरे गावाचे, 'कर' प्रत्यय लावलेले. तिसरे जहाजावरचे. भरतीच्या मेजामागे बसलेला कारकून, खलाशाने तोंडी सांगितलेले नाव आपल्या कानाला लागेल तसे रोमन लिपीत उतरवी, वडिलांच्या नावालाच आडनाव करी, आणि तेच पुढे त्याच्या नोकरीच्या वहीत, जिला खलाशी 'नली' म्हणत, कायमचे बसे. ळ आणि ल, ण आणि न, ट आणि त यांचा भेद त्या लिपीत उरत नाही. त्या ग्रंथात 'हर्णैकर' नसेल. कदाचित काका तेथे असतील, तिसऱ्या नावाने. मी १९६० साली पहिले आणि दुसरे नाव लिहिले होते. कचेरीने तिसरे शोधले. उत्तर खोटे नव्हते आणि माझे पत्रही खोटे नव्हते. दोहोंच्या मध्ये एक माणूस हरवला.

माझ्या विद्वत्तेचा मला त्या क्षणी अभिमान वाटला नाही. पाठचिकित्सेची जी साधने मी सातशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथांवर चालवली, ती शेजारघरच्या एका माणसाच्या नावावर चालवावीत असे मला चाळीस वर्षांत सुचले नव्हते. सुचले तेव्हा नाव सांगणारे कोणी उरले नव्हते. काकी १९७८ साली वारल्या. कुंकू लावूनच गेल्या, असे आईने मला कळवले.

स्वतंत्र भारताने आपल्या नाविकांचे स्मरण वेगळ्या रीतीने केले आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या किनाऱ्यापासून दूर 'खुकरी' ही युद्धनौका पाकिस्तानी पाणबुडीने बुडवली. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला आपल्या नौकेबरोबर गेले. त्यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नाविक मृत्यू पावले. त्यांनाही समुद्रावाचून कबर नाही. पण दीवला त्यांचे स्मारक आहे, दिवस ठाऊक आहे, प्रत्येकाचे नाव नोंदलेले आहे. घरच्यांचे दुःख त्याने उणे होत नाही. मात्र त्या दुःखाला टेकायला जागा मिळते. काकींना तेवढीही जागा मिळाली नाही. म्हणून माझे म्हणणे असे आहे की मृताचे स्मरण ही भावनेची बाब होण्याआधी अचूक नोंदीची बाब आहे. नाव, गाव आणि तिथी, या तीन गोष्टी नीट लिहिल्या गेल्या तरच स्मरण उभे राहते. आणि नीट लिहिणे हे भाषेच्या माणसाचे काम आहे. ते केवळ कारकुनावर सोपवून चालत नाही.

या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांत कोकणातून आलेली अनेक घराणी आहेत, फौजेत गेलेली आहेत, बोटीवर गेलेली आहेत. माझी आपणांस एक विनंती आहे. घरातले जे माणूस अशा रीतीने हरवले असेल, त्याच्याविषयी एक पान लिहा. घरात हाक मारायचे ते नाव, वडिलांचे नाव, गाव, वाडी, कोणत्या साली निघाला, कोणाबरोबर गेला, शेवटचे पत्र कोठून आले, हे सारे देवनागरीत लिहा. आणि जुनी नली किंवा मनीऑर्डरीची पावती हाती असेल तर तिच्यावरील इंग्रजी नाव अक्षरशः उतरवून घ्या. दोन्ही नावे शेजारी शेजारी आली की हरवलेला माणूस सापडण्याची शक्यता निर्माण होते. ही पाने शाळेच्या ग्रंथालयात ठेवावीत आणि दरवर्षी ५ एप्रिलला मुलांनी ती वाचावीत, असे मी मुख्याध्यापिकाबाईंना सुचवले आहे आणि त्यांनी ते मान्य केले आहे.

पहिले पान मी आज देत आहे. त्यात काकांचे घरातले नाव आहे, हर्णै हे गाव आहे, १९४१ ची नारळी पौर्णिमा आहे. तिसरे नाव मला लिहिता आलेले नाही. तेथे मी रिकामी जागा सोडली आहे. कोणाला कधी ते सापडले तर त्याने ती भरावी. गुरुजींच्या हजेरीपटावर गैरहजर मुलापुढेही नाव पूर्ण असे. या एका मुलाचे नाव अजून पूर्ण व्हायचे आहे.